शेठ, बाई आणि काळा कातळ

कर्जत-खालापूर भागात पाच गुंठे जागा घेतली की माणूस शेठ होतो. मग त्याला पेन्शन असो, कर्ज असो की नुसतीच मूळव्याध. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले तेव्हा शाखेतला शिपाईसुद्धा त्यांना 'साहेब' म्हणताना घड्याळाकडे बघायचा. पण कर्जत-चौक रस्ता सोडून फुफाट्याच्या वाटेनं आमच्या प्लॉटवर पोचलं की कुंपणवाला, टँकरवाला, वायरमन, सगळे 'शेठ, शेठ' करत पुढे होतात. शेठला कुणी काही विचारत नाही, शेठला आकडा सांगतात. मी तिथली 'बाई'. ही पदवी मात्र मी कमावलेली आहे. डोंबिवलीच्या शाळेत उभी हयात मी भूगोल शिकवला.

जाहिरातीत 'माउंटन व्ह्यू, रिव्हर टच, टायटल क्लिअर' असं होतं आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. माथेरानचा अख्खा डोंगर समोर आडवा पसरलेला. रिव्हरचा टच पावसाळ्यात व्हायचा, फक्त तो प्लॉटला न होता प्लॉटकडे येणाऱ्या रस्त्याला व्हायचा. आणि टायटल इतकं क्लिअर की पिढ्यान्‌पिढ्या त्या जागेवर हक्क सांगायला भाऊबंदांपैकीही कोणी पुढे आलं नव्हतं. कोकणात ज्या जमिनीवरून भाऊ भाऊ कोर्टात गेले नाहीत ती जमीन घेताना दोनदा विचार करावा, एवढं तरी ह्यांना कळायला हवं होतं. तारणाच्या फायली तपासण्यात जन्म गेला त्यांचा.

मला फुलबाग हवी होती. ग्रिलमध्ये रंगाच्या डब्यांतून लटकणारी नव्हे. पायाखाली माती असलेली, जिच्यात वाकून फुलं वेचता येतील अशी. मोगऱ्याचा ताटवा, अबोलीची रांग, कुंपणावर जाई, दाराशी सोनचाफा, आणि गुलाब. गुलाबाबद्दल तर नर्सरीवाल्यानं मला शब्दच दिला होता. 'काकू, मावळात बघा, तळेगावचा गुलाब परदेशात जातो. इथनं घाट कितीसा लांब?' घाट लांब नाहीच. उंच आहे, एवढंच. वर गुलाबाला थंड हवा, पॉलिहाऊस आणि ठिबक मिळतं. खाली आमच्याकडे त्याला मिळणार होता कातळ.

'दख्खनचे पठार लाव्हारसाचे थर साचून तयार झाले आहे.' हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी खाली रेघ मारून वहीत उतरवलं. त्या वाक्यावर पहार मारून बघायचा योग मात्र निवृत्तीनंतर आला. पहार आपटली की ठिणगी उडते, ठण्ण आवाज होतो आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो थर मनगटातून थेट खांद्यात चढतो. दगडावर उमटतो फक्त एक पांढरा ठिपका. ह्यांनी चष्मा लावून, वाकून तो ठिपका बघितला आणि म्हणाले, 'सुरुवात चांगली आहे.'

मग जेसीबी आला. जेसीबीवाला मुलगा विशीतला, कानात इअरफोन. त्यानं बकेट एकदा जमिनीवर घासली, दातांवर दात घासल्यासारखा आवाज ऐकला आणि इंजिन बंद करून खाली उतरला. 'काकू, हे बकेटचं काम नाही. ब्रेकर लावावा लागेल.' ब्रेकर तासावर असतो. तो येतानाचे पैसे वेगळे, जातानाचे वेगळे आणि मध्ये तो डिझेल प्यायला थांबतो त्याचेही वेगळेच असावेत, कारण आकडा ऐकून हे बराच वेळ माथेरानकडे बघत उभे राहिले. व्ह्यूचा तेवढा एक उपयोग झाला.

कातळ सगळा एकजात नसतो हे पुस्तकात होतं. जिथे बेसाल्ट कुजतो तिथे त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात, त्याचा मुरूम होतो आणि मुरमात मूळ शिरतं. जिथे तो कुजत नाही तिथे ब्रेकरसुद्धा हात टेकतो. आमच्या पाच गुंठ्यांत असा छान कुजलेला मुरूम निघाला, नाही असं नाही. तो बरोबर तिथे निघाला जिथे संडासाच्या टाकीचं बांधकाम पुरं झालं होतं.

बाकी जागेत दीड फूट बाय दीड फूट असे खड्डे पडले आणि त्या खड्ड्यांतून, ते भरून काढायला लागेल त्याच्या दुप्पट डबर निघाला. हे कसं होतं ते विज्ञानाच्या बाईंना विचारायला हवं. डबराचा ढीग कुंपणापलीकडे दिसू लागला तेव्हा तो उचलून न्यायला कुणीतरी टेम्पोवाला बोलवावा असं ठरलं. पण आपल्या जमिनीतला दगड हा सरकारदप्तरी नुसता दगड नसतो, गौण खनिज असतं. तो गाडीत घालून बाहेर काढायचा तर रॉयल्टी, परवाना आणि तहसील कचेरी आली. माती बाहेरून आणायची तर ती ब्रासवर मिळते, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि लाल मातीचा भाव तिच्या रंगावर ठरतो. म्हणजे दगड जायचा तर पैसे आणि माती यायची तर पैसे. ह्यांनी डायरीत एक स्वतंत्र पान उघडून त्याला मथळा दिला: 'फुलबाग (भांडवली खर्च)'. उत्पन्नाचा रकाना त्यांनी आखून ठेवला. आशावादी माणूस.

ह्या काळात मला ॲलिस ट्रेडवेल फार आठवायची. तिची माझी ओळख अर्थातच नाही. भोर घाटातल्या रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा, 1859 साली, सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदारानं ते हातात घेतलं आणि इथे पोचल्यावर महिन्याभरातच तो आजारानं गेला. मागे राहिलेल्या बायकोनं मायदेशाची बोट धरली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं कंत्राट पुढे चालवलं, हाताखाली दोन इंजिनिअर नेमले, आणि 1863 मध्ये घाटातून गाडी गेली. आजही पुण्याच्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं लागतात आणि आपण तेवढ्यात बटाटेवडा खातो, तो तिनं पुरा करून घेतलेला घाट. हाच दगड, हाच पाऊस, आणि ब्रेकर नव्हता; पहार, घण, सुरुंगाची दारू. मी हे ह्यांना ऐकवलं. म्हटलं, एका बाईनं अख्खा घाट फोडला, मला चार गुलाबांपुरता खड्डा नको? हे म्हणाले, 'तिच्याकडे हजारो मजूर होते. तुझ्याकडे मी आहे.'

आणि त्याहून जुना दाखला हवा तर उल्हास नदीच्या वरच्या अंगाला कोंढाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंसाठी ह्याच पाषाणात छिन्नीनं चैत्य कोरला, विहार कोरला, वर सज्जे आणि त्यांत नाचणारी जोडपीसुद्धा कोरली. त्यांनी कातळात सगळं केलं. फुलबाग केली नाही. शहाणी माणसं होती.

वाडीवरची एक आजी आमच्याकडे पाणी घालायला आणि मुख्यतः आमच्याकडे बघायला यायची. खड्ड्यांच्या कडेला उकिडवी बसून ती ब्रेकरचं काम तन्मयतेनं बघे. एकदा म्हणाली, 'बाई, इथं आमची नाचनी व्हायची.' मी म्हटलं, ह्या दगडात? तर म्हणाली, 'वरकस हाय ना. पयल्या वर्षी नाचनी, मंग वरी, मंग कारळं. मंग पडीक टाकायची.' कारळं म्हणजे खुरासणी. तिच्या तेलापेक्षा चटणी जास्त प्रसिद्ध. पण तिला फूल येतं ते पिवळंधमक, आणि अख्खा उतार पिवळा होतो. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी ह्या कातळावर फुलांचं शेत करत होतं, आणि वर त्याची चटणीही खात होतं. शेतीखात्यालाही ह्या भागाची नाडी बरोबर सापडलेली आहे. कर्जतला मोठं कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे भाताच्या जाती निघतात आणि त्यांना 'कर्जत' असं नाव नि पुढे आकडा मिळतो. कर्जत नावाचा गुलाब निघाल्याचं ऐकिवात नाही.

बागेत पहिलं फूल उमललं ते मी लावलेलं नव्हतं. मेच्या अखेरीला वळवाची एक जोरदार सर पडून गेली आणि डबराच्या ढिगाच्या सावलीत, दोन दगडांच्या फटीतून, वीतभर दांडा वर आला. वर जांभळट-तपकिरी पान गुंडाळलेलं, आत फिकट पिवळसर गाभा. देखणं म्हणता येणार नाही, पण करारी. मी त्याचा फोटो काढला, भावंडांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या बागेतलं पहिलं पुष्प.' दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो पुष्प नाही. आजीनं ते आणि त्याच्या आसपासची आणखी दहा-बारा पुष्पं खुडून पदरात बांधली होती. 'शेवळं हायत बाई. काकडं हायत का घरात?'

आता शेवळं मला ठाऊक नाहीत असं नाही. पावसाच्या तोंडाशी डोंबिवली स्टेशनच्या बाहेर ठाकरवाड्यांवरच्या बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात आणि आमच्या शेजारच्या सीकेपी वहिनी ती कोलंबी घालून करतात तेव्हा जिन्यात लोक रेंगाळतात. पण जुडीतलं शेवळं हे जमिनीतून उगवलेलं फूल असतं, असं कधी मनात आलं नव्हतं. आजीनं तिथेच बसून ती निवडायला घेतली. वरचं पान सोडवून बाजूला, गाभ्याच्या खालचा पिवळा दाणेदार भाग नखानं खरवडून फेकायचा. तो राहिला तर घसा असा खाजतो की माणूस दोन दिवस कुणाशी भांडू शकत नाही. म्हणून तर वर काकडांचा आंबट रस हवाच. मी फुलबागेच्या मुहूर्तावर नारळ फोडायचा बेत केला होता. त्याऐवजी बागेची भाजी झाली. चवीला मात्र, खोटं का बोला, गुलाबापेक्षा सरस.

जूनमध्ये रोपं लावली आणि जुलैत पाऊस लागला. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे मी नकाशावर गडद निळ्या रंगानं दाखवत असे. प्रत्यक्षात त्याचा रंग लाल असतो. ब्रासवर मोजून घेतलेली आमची माती पहिल्या आठवड्यातच उतारावरून निघाली, कुंपणाच्या जाळीतून सुटली आणि शेजारच्या प्लॉटवर जाऊन स्थिरावली. त्यांच्या जास्वंदीला त्या साली असा बहर आला की विचारू नका. शेजारी सज्जन आहेत. दर मंगळवारी गणपतीसाठी म्हणून आमच्या मातीतली आठ-दहा फुलं आम्हाला आणून देत.

जी माती खड्ड्यांत राहिली तिची गोष्ट वेगळी. न कुजलेल्या कातळात खणलेला खड्डा हा खड्डा नसतो, हौद असतो. खाली निचरा नाही, बाजूला निचरा नाही. गुलाब त्यात गळ्यापर्यंत उभे राहिले. मुळं कुजली, बेडूक आले. रात्री असा काही कोरस लागायचा की ह्यांनी डायरीत उत्पन्नाच्या रकान्यात 'बेडूक' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. खड्ड्याच्या उताराकडच्या ओठाला छिन्नीनं चर पाडून पाणी काढून दिलं तेव्हा कुठे दोन-तीन रोपांनी मान वर केली. ती मान वाडीवरच्या शेळ्यांनी खाल्ली. शेळीची आवड फार चोखंदळ असते. गुलाब आधी, मग मोगऱ्याची कोवळी पालवी. कण्हेरीला ती तोंड लावत नाही, चाफ्याचा चीक तिला चालत नाही. जास्वंद ती आपण होऊन माकडांसाठी ठेवते.

फेब्रुवारी उजाडला की ह्याच जागेत पाण्याचा टिपूस नसतो. पेज नदीच्या काठची मंडळी सुखी. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला बारमाही वाहतं ठेवतं आणि ते उन्हाळ्यातही हिरवं काहीतरी पिकवतात. खालापूर तालुक्यात मोरब्याचं एवढं मोठं धरण आहे, त्याचं पाणी नळानं नवी मुंबईला जातं. कुंडीतला मोगरा तिकडे फुलतो. आमच्याकडे येतो टँकर, आणि टँकर आला की 'शेठ!' अशी हाक.

ह्यांच्या डोक्यात मग दगडांचीच बाग करायची निघाली. नेकचंदनं चंदीगडला टाकाऊ वस्तूंतून केली, 1976 मध्ये ती लोकांना खुली झाली, मग आपण आपल्या डबरातून का करू नये? त्यांनी मोठे दगड खाली, मध्यम त्यावर, आणि माथ्यावर एक उभा दगड असा ढिगारा रचला, फटींत सदाफुली खोचली. रस्त्यानं जाणारा एक गृहस्थ चप्पल काढून, हात जोडून उभा राहिला आणि हळू आवाजात विचारू लागला, 'कुणाची समाधी?' यॉर्कशरमध्ये रेजिनाल्ड फॅरर म्हणून दगडातल्या बागांचा एक मोठा जाणकार होऊन गेला. 1907 मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं आणि असल्या ढिगांची यथेच्छ टिंगल केली. त्यांतल्या एका प्रकाराला तो 'कुत्र्याचं थडगं' म्हणे. मी ते ह्यांना सांगितलं नाही. संसारात सगळंच वाचून दाखवायचं नसतं. ह्याच फॅररनं म्हणे घराजवळच्या उभ्या कड्यावर फुलं हवीत म्हणून बंदुकीत बिया भरल्या आणि कड्यावर बार काढले. हे मात्र मी सांगितलं. हे म्हणाले, 'लायसन्ससाठी पुन्हा कचेरीत जावं लागेल.'

बंदुकीची गरज पडली नाही. श्रावणात आम्ही आठ-दहा दिवसांनी गेलो तर ढिगारा दिसेना. तेरड्यानं तो झाकून टाकला होता. खड्ड्यांच्या कडा, चर, ब्रेकरनं उखडलेली प्रत्येक खपली, जिथे चिमूटभर गाळ अडकला तिथे गुलाबी-जांभळा तेरडा. मधूनच कुर्डूचे पांढरट तुरे, कुंपणावर चढलेली कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची ही कळलावी कोकणात गौरीचे हात म्हणून लावतात, एरवी मात्र घरात आणली तर भांडणं लागतात म्हणून दाराबाहेर ठेवतात. आमच्या घरात तिच्यासाठी काम शिल्लक नसल्यामुळे मी तिला राहू दिली. कुणी पेरलं, कधी पेरलं? भाद्रपद सरताना ते कळलं. तेरड्याची पोटरलेली, टपोरी, हिरवी शेंग चिमटीत धरली मात्र, ती फाटकन फुटली, तिची पाचही सालं आतल्या आत गुंडाळली गेली आणि तपकिरी दाणे माझ्या चष्म्यावर टचटच आपटले. मी दचकून दुसरी धरली. मग तिसरी. निवृत्त शिक्षिकेनं भर दुपारी असं करत बसणं शोभतं की नाही हा प्रश्न आहे, पण ह्यांनाही मी पलीकडच्या चराजवळ तेच करताना पाहिलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या वर्षी तेरडा दुपटीनं आला. चाफ्याची एक फांदी तेवढी, डबरावर फेकलेली, आपण होऊन रुजली होती. कारवी लावूया असं हे म्हणाले. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे मी सांगितल्यावर त्यांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं आणि 'लावू, लावू, घाई काय' म्हणाले. गुलाबाचं नाव मी सोडलेलं नाही. एक आहे, कुंडीत, ओट्यावर, शेळीच्या उडीपेक्षा एक वीत उंच.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी आम्ही डोंबिवलीतच होतो. घरचा गणपती, नणंदा येणार, पुरण शिजत टाकलेलं. आमच्याकडे तेरड्याची गौर असते, मुळांसकट. संध्याकाळी ह्यांना घेऊन स्टेशनजवळ गेले. पुलाच्या पायऱ्यांखाली बायका रांगेनं बसलेल्या, पुढ्यात ओल्या फडक्यात तेरडा, आघाडा, दूर्वा, कळलावी. तिसऱ्या फडक्यामागे आमची आजी. मला बघून तिला जरासुद्धा संकोच वाटला नाही. उलट शेजारणीला कोपर मारून म्हणाली, 'ह्याच त्या बाई.'

'किती?' मी विचारलं.

'चाळीसला जुडी.'

'आजी, हा आमच्याच प्लॉटवरचा ना?'

'मंग? तुमच्याच दगडावरचा. म्हनून तर ताजा हाय. पयल्या लोकलनं आनलाय.'

मी म्हटलं, निदान मला तरी तीसला दे. आजीनं जुडीवर पाण्याचा हबका मारला, मुळांची लाल माती झटकली नाही, आणि शांतपणे म्हणाली, 'उगा भाव पाडू नका बाई. पानी तरी कुठं घातलंव तुमी त्याला?'